बाळाच्या हाताला सलाईनने जखम झाली. हॉस्पिटल बिल माफ करतो म्हणतंय. तक्रार करावी का, आणि भरपाई किती मिळते?

सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत, घरचे म्हणतात वाढवू नका, आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की राहिलेलं बिल सोडणार आहेत. हे वाचून गप्प बसवेना. आमच्याकडे असाच स्टॅम्पपेपर घेऊन माझे मोठे दीरच आले होते.

आम्ही इचलकरंजीचे, नवऱ्याचे यंत्रमाग. मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, म्हणून एका खाजगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. कॅल्शियम कमी आलं म्हणून उजव्या हाताच्या पाठीवरून ड्रिप लावलेली. कॅल्शियम शिरेत जातंय तोवर औषध, शिरेबाहेर झिरपलं की कातडी आणि खालचं मांस जाळतं. म्हणून ही ड्रिप चालू असताना सुईची जागा सारखी बघावी लागते. मी रात्री दूध द्यायला आत गेले तर पट्टीखाली हात टम्म. सिस्टर म्हणाली, सूज आहे, उतरेल. सकाळी बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडली होती, दुसऱ्या दिवशी काळी. पुढे मिरजेला प्लास्टिक सर्जनकडे मांडीची कातडी काढून हाताला लावली. आता ती पहिलीत आहे. दोन बोटं पूर्ण उघडत नाहीत, लिहिते डाव्या हाताने. लावलेली कातडी हाताबरोबर तेवढी वाढत नाही, त्यामुळे अजून ऑपरेशनं आहेतच.

डॉक्टर भाऊजींच्या पतसंस्थेचे जुने सभासद. भाऊजींनी बिल माफ करून आणलं ते मोठा पराक्रम केल्यासारखं. मी सही करत नाही म्हटल्यावर आधी ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ झालं, मग सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरीच्या हातावर पैसे खाणार काय?” सासूबाई मान खाली घालून बसल्या. नवरा गप्प. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

तर भाऊजी, आणि तुमच्या घरात जे कोण भाऊजी असतील ते, ऐका. पैसे मुलीचे आहेत. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात टायफॉइडच्या लहान मुलाला नर्सने भलतंच इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्याचा मेंदू कायमचा निकामी झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाचे साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापाचे वेगळे ५ लाख कायम केले. म्हणजे ग्राहक कायद्यात मूलही ग्राहक आणि बिल भरणारे आईबापही. तुमचं माफ केलेलं बिल या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. ज्या उपचाराने इजा झाली त्याचेच पैसे घेतले नाहीत, एवढंच ते.

आणि ‘आपल्याकडे डॉक्टरवर केस करायची पद्धत नाही’ हेही खोटं. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्यात उपचार चालू असताना तो गेला. वडील स्वतः डॉक्टर, तरी डॉक्टरविरुद्ध लढले आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले. भरपाई ३,००० रुपये. जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून वकील आजही हा निकाल दाखवतात.

आता कामाचं. पहिलं म्हणजे केसपेपर. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, नोंदीचं पान न् पान मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. आम्हाला मिळालेल्या नर्सिंग चार्टवर रात्री २ वाजता कुणा सिस्टरने लिहिलं होतं, ‘सूज आहे, डॉक्टरांना कळवले.’ ड्रिप बंद केल्याची नोंद सकाळी ७ ची. पुढे ग्राहक आयोगापुढे (जिथे अशा भरपाईच्या तक्रारी चालतात) हॉस्पिटलने ‘मूळ’ म्हणून जो चार्ट ठेवला त्यात ती ओळच नव्हती. आमच्या झेरॉक्सवर त्यांचाच शिक्का होता. निम्मी केस तिथेच झाली. त्या सिस्टरला मी कधी भेटले नाही. जखमेचे रोज फोटो काढा, तारखेसकट, आणि अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातूनच घ्या.

किती मिळेल याचा तक्ता नाही. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी वेळेत केली नाही आणि दृष्टी गेली, अशा चेन्नईच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी ८० लाख दिले, पुढच्या खर्चात महागाई धरून. तशाच दिल्लीच्या प्रकरणात २०१९ साली ७६ लाख. हाताच्या जखमेला एवढे मिळणार नाहीत. झालेला खर्च, पुढची ऑपरेशनं, अपंगत्व किती टक्के, यावर ठरतं. आमचा आकडा इथे लिहीत नाही, कारण हॉस्पिटल अपिलात गेलंय.

हो, हेही सांगायला हवं. ग्राहक कायद्यात ३ महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे. आमची वर्षं गेली. अपील करताना हॉस्पिटलला निम्मी रक्कम भरावी लागते, तेवढाच दिलासा. दवाखाना सरकारी आणि सगळ्यांनाच फुकट असेल तर ग्राहक आयोग सहसा नाही, दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट. मेडिकल कौन्सिल डॉक्टरचा परवाना निलंबित करू शकतं, तुम्हाला पैसे देऊ शकत नाही. पोलिसात गेलात तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतात. आणि कुणी पोरं घेऊन काचा फोडायला निघालं तर घरात कोंडा. महाराष्ट्रात २०१० पासून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे, ती तुम्हीच द्याल.

तुमच्या डॉक्टरची चूक आहेच असं मी म्हणत नाही. एवढ्याशा बाळाची शीर नाजूक, सुई चांगल्या हातूनही सरकते. सुई सरकली यात निष्काळजीपणा नाही. सरकल्यावर कुणी, कधी बघितलं आणि ड्रिप कधी थांबवली, प्रश्न तिथे आहे, आणि उत्तर चार्टमध्ये आहे.

जखम कधी झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं. उशीर माफ होतो, पण कारण पटवावं लागतं. मुदत जवळ आली असेल तर इथे उत्तरं वाचत बसू नका, उद्याच अर्ज देऊन कागद मागा. बिल सोडायचं असेल तर त्यांनी खुशाल सोडावं, सहीविना.