आई-बाबांना ऑर्लँडोला नेताना

प्रिय भाचीबाई,

तुझा एक्सेलचा तक्ता मिळाला. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत डिस्नी वर्ल्डचे चारही पार्क, सत्तावीस राइड्स आणि जेवायला वीस मिनिटं. रंगही छान भरलेस. पण ताई आणि भाऊजी त्यात कुठल्या रकान्यात बसतात, ते काही मला सापडलं नाही.

एका दिवसात चार होतात का, असं विचारलंयस. होतात. अण्णा इकडे आले होते तेव्हा आम्ही केले होते, म्हणून तर लिहायला बसले. टँपाला घर म्हटल्यावर देशातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऑर्लँडो दाखवणं आलंच. आता ती माझी वारीच झाली आहे.

तुझी पहिली चूक अशी की तू वेळ राइड्सवर खर्ची घातलास. वेळ जातो दोन पार्कांच्या मधे. ती सगळी जागा मिळून सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई आत मावेल आणि वर जागा उरेल. एका गेटातून बाहेर पडायचं, बसची वाट बघायची, मग बस, मग बॅगांची तपासणी. पुढच्या गेटाच्या आत पाय पडेपर्यंत पाऊण तास धरून चाल. तुझ्या तक्त्यात त्याला दहा मिनिटं आहेत! चार पार्क म्हणजे अशा तीन उड्या, सव्वादोन तास. ते आधी लिही आणि उरलेल्यात राइड्स बसव.

तिकीट 'पार्क हॉपर'चंच लागेल, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांत जाता येईल असं. कोविडनंतर काही वर्षं दुपारी दोनच्या आधी दुसऱ्या पार्कात सोडत नसत. जानेवारी २०२४ पासून ती अट गेली. जुने व्हिडिओ बघून उगाच दोनपर्यंत ताटकळू नकोस.

चारच करायचे असतील तर सुरुवात अ‍ॅनिमल किंगडमपासून कर. सफारीच्या उघड्या ट्रकमधून हिंडताना सकाळी प्राणी जागे, चालते-फिरते दिसतात. जुलैच्या दुपारी ते आपल्यापेक्षा शहाणे, सावलीत आडवे झालेले असतात. तिथून बसने हॉलिवूड स्टुडिओज. पुढे एपकॉटला जायला स्कायलायनर, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा आहे. २०१९ साली सुरू झाला, आणि तुझ्या तक्त्यात नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तो एपकॉटच्या मागच्या दाराशी सोडतो आणि मोनोरेल सुटते पुढच्या दारापासून. म्हणजे मागून शिरायचं, पार्क चालत ओलांडायचा, पुढून बाहेर. मधे एकदा मोनोरेल बदलली की मॅजिक किंगडम. उलट पावली कुठेच यावं लागत नाही. विजा चमकायला लागल्या की मात्र पाळणा थांबवतात, उघड्यावरच्या राइड्सही. फ्लोरिडातला जुलै म्हणजे दुपारी वीज-पाऊस ठरलेलाच. तसं झालं तर वीज टळेपर्यंत थांब. स्टुडिओजहून एपकॉटला बोटही जाते, आणि चालत गेलं तर अर्धा तास. देशातून येताना ताईला घडीचे पातळ रेनकोट आणायला सांग. इथे पार्कात तेच घ्यायला तुझा जीव वर येईल.

आता अण्णांचं सांगते. अ‍ॅनिमल किंगडमच्या आशिया भागात त्यांनी आनंदपूर नावाचं एक काल्पनिक गाव उभं केलंय. पडके वाडे, रंग उडालेल्या भिंती, हातानं रंगवलेल्या पाट्या, आणि पडक्या महालाआड खरे वाघ. माझ्या हातात फोन, डोळा घड्याळावर, एव्हरेस्टच्या राइडची वेळ टळत चाललेली. आणि बांधकाम खात्यात हयात घालवलेले तुझे आजोबा एका भिंतीपाशी अडून बसलेले. बोटाच्या पेरानं त्यांनी गिलाव्याची कड चाचपली, नखानं टोकरून बघितलं, वाकून खालची ओल बघितली. मग मला हाक मारली. "अगं, हा गिलावा पडलेला नाही, पाडलेला आहे. ओलसुद्धा रंगवलेली. आमच्या डिपार्टमेंटनं नव्या भिंती बांधल्या त्या आपोआप अशा व्हायच्या, यांनी पैसे घालून केल्यात!" वीस मिनिटं गेली तिथे. मी चिडले, हे कबूल करते. घरी परतल्यावर अण्णा सहा महिने नाक्यावर जे सांगत होते ते त्या भिंतीचं. एव्हरेस्टची गाडी अंधारात उलटी पळते, मी त्यात किंचाळले, त्याबद्दल चकार शब्द नाही.

मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा किल्लाही त्यांनीच पकडला. १८९ फूट उंच आहे तो, पण वाटतो त्याहून मोठा, कारण वर जावं तशा विटा आणि खिडक्या लहान लहान करत नेल्या आहेत. मी तोवर चार-पाचदा तरी त्याच्यापुढे फोटो काढून घेतले होते. कधी लक्षात आलं नाही.

म्हणून मला विचारशील तर चार करूच नकोस. स्टुडिओज गाळ, तिथली गंमत ते सिनेमे पाहिलेल्यांना, भाऊजींना त्यात काय? सकाळी अ‍ॅनिमल किंगडम, बारा वाजता हॉटेलवर, ताईला दोन तास पडू दे, मग एपकॉट आणि रात्री आतषबाजीला मॅजिक किंगडम. एपकॉटमध्ये भाऊजींना 'लिव्हिंग विथ द लँड'च्या होडीत बसव. ती काचघरांमधून जाते, जिथे मातीशिवाय भाज्या वाढवतात, मुळं हवेत लोंबतायत आणि त्यांवर पाण्याचा फवारा मारतात. तासगावात जन्मभर द्राक्षबाग केलेला माणूस आहे, एका फेरीत त्यांचं भागणार नाही. दुसऱ्यांदा बसायचं म्हणाले तर तक्ता काढू नकोस. मोठ्या गोलाच्या आतली राइडही दोघांना झेपेल: संथ, गार, पाव तास बसून.

ताईसाठी चाकाची खुर्ची पहिल्याच पार्कात भाड्यानं घे. पावती जपून ठेवलीस तर त्याच दिवशी पुढच्या पार्कात त्याच पावतीवर खुर्ची मिळते. ती "मला काय झालंय?" म्हणणार, सगळ्या म्हणतात. "पिशव्या ठेवायला घेतलीय" असं सांग. अकरापर्यंत पिशव्या भाऊजींच्या खांद्यावर आणि ताई खुर्चीत असेल.

खायचं घरचं नेता येतं, काचेची बाटली तेवढी नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं लोणचं ने. तपासणीला डबा उघडायला लावतील, लसणाचा वास सुटेल, सुटू दे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस. खाण्याच्या काउंटरवर गार पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात.

आणि गाडी. ती हॉटेलवरच ठेव आणि त्यांच्या बसनं फिर. आम्ही सकाळी शहाणपणानं अ‍ॅनिमल किंगडमला लावली होती. रात्री अकराला आतषबाजी बघून, फेरीनं तळं ओलांडून बाहेर आलो, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गाडी दुसऱ्या टोकाला आहे. टॅक्सी केली. अण्णा मागच्या सीटवर बूट काढून गप्प बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझ्या तक्त्यात परतीचा रकाना नव्हता वाटतं."

दुसऱ्या दिवशी सरळ आमच्याकडे या. वाटेत ट्रॅफिक नसेल तर सव्वा तास. मुगाची खिचडी लावून ठेवते. ताईची गुडघ्याची गोळी कुठली ते मात्र आधी कळव, इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळायची नाही.

तुझी,
मावशी