न्यू जर्सीत विद्यमान सिनेटर पुन्हा निवडून येतोच का?

प्रश्न असा होता: डिस्ट्रिक्टचा (मतदारसंघाचा) राज्याच्या सिनेटमधला सिनेटर तोच पुन्हा उभा राहणार, तोच येणार, मग नव्यानं सिटिझन झालेल्यानं मत देऊन काय फरक पडतो?

पडतो. स्टीव्ह स्वीनी 2010पासून राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते. 2021मध्ये तिसऱ्या डिस्ट्रिक्टात ट्रकचालक एडवर्ड डर यांनी त्यांना दोन हजारांहून थोड्या जास्त मतांनी पाडलं. त्याच दिवशी मॉनमथ काउंटीतल्या अकराव्या डिस्ट्रिक्टात सिनेटर विन गोपाल टिकले, पण त्यांच्याच पक्षाकडून त्यांच्या जोडीनं उभे असलेले असेंब्लीचे (राज्याच्या खालच्या सभागृहाचे) दोन्ही डेमोक्रॅट आमदार पडले. मतदार पक्षाबरोबर नावही बघतात, ते असं.

या चढउतारामागे गव्हर्नरची निवडणूक मोठं कारण आहे. 2017मध्ये गोपाल यांनी विद्यमान जेनिफर बेक यांना हरवलं, तेव्हा त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट फिल मर्फी 14 टक्क्यांनी जिंकत होते. 2021मध्ये मर्फींची आघाडी जेमतेम 3 टक्के होती. 2023ला गव्हर्नरपद मतपत्रिकेवर नव्हतंच, मतदान 27 टक्क्यांच्या आसपास झालं. गोपाल आरामात आले आणि असेंब्लीच्या दोन्ही जागाही परत मिळाल्या.

सिनेटरची मुदत दशकात 2-4-4 वर्षं अशी चालते. त्यामुळे 2023ला निवडून आलेले पुढे 2027लाच लोकांसमोर येतील, आणि तेव्हाही मतपत्रिकेवर गव्हर्नरपद नसेल. मतदान कमी, म्हणून एकेका मताचं वजन जास्त. ते वर्ष वाया घालवू नका.

नोंदणी निवडणुकीच्या 21 दिवस आधीपर्यंतच होते. जूनच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) नोंदणीत पक्ष न लावलेला मतदार त्याच दिवशी पक्ष निवडू शकतो, पण पक्ष बदलायचा तर 55 दिवस आधी अर्ज हवा. लोक चुकतात ते इथे. मतपत्रिकेवर सिनेटसाठी एक आणि असेंब्लीसाठी दोन नावं निवडता येतात, दुसरं नाव पुष्कळदा राहूनच जातं.

टपालानं मत देणार असाल तर आतल्या लिफाफ्याला जोडलेली प्रमाणपत्राची पट्टी फाडू नका. सही तिच्यावरच करायची असते, आणि ती नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. भारतातली जुनी मराठी सही एकीकडे आणि इंग्रजी दुसरीकडे असं झालं, तर दुरुस्तीचं पत्र येतं. ते आलं की लगेच भरून पाठवा.