कोथरूडमधील लहान फ्लॅटमध्ये ट्रेडमिलचा मागचा भाग भिंतीलगत ठेवता येईल का? घरात तीन वर्षांचे मूल आहे.

नाही, मागची बाजू भिंतीकडे कधीही नसावी. जागा कमी असल्यास पुढची बाजू भिंतीकडे करावी. चालताना तोल गेला की पट्टा माणसाला मागे ओढत नेतो आणि मागे भिंत असेल तर तो तिथेच अडकून, फिरतच राहिलेल्या पट्ट्याच्या घर्षणाने त्याची त्वचा अक्षरशः सोलवटून निघते. म्हणूनच युरोपीय सुरक्षा मानकात यंत्रामागे किमान २ मीटर लांब व १ मीटर रुंद जागा मोकळी ठेवण्यास सांगितले आहे. सुरक्षा किल्लीची (जी निघताच पट्टा थांबतो) क्लिप कपड्याला लावूनच पट्टा सुरू करावा.

मात्र मोकळ्या जागेने मुलाचे रक्षण होत नाही, कारण मागच्या रोलरपाशी पट्ट्याखाली लहान हात सहज ओढला जातो. त्यामुळे पट्टा चालू असताना मूल त्या खोलीत नसावे आणि वापरानंतर प्लग काढून किल्ली उंचावर ठेवावी.