समावेशक ग्रंथपालन, अपंगत्व, मानसिक आरोग्य: स्वतः आजारी असताना या विषयात पीएचडी करावी का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एमलिबनंतर, म्हणजे ग्रंथालयशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर, या विषयात पीएचडी करून शिकवण्याच्या क्षेत्रात यावं का, आणि तुम्हाला नैराश्याचा आजार आहे हे अर्जात लिहावं का. पहिल्याचं उत्तर हो, जरूर या. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही. मलाही हाच आजार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी या विषयात आले ती परत आलेली पुस्तकं जागेवर लावता लावता. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात नैराश्यावरचं पुस्तक ६१६.८५२७ ला, म्हणजे वैद्यकात जातं. अपंगांसाठीच्या सेवा ३६२.४ ला, समाजकल्याणात. आणि अपंग माणसं एक समाजगट म्हणून ३०५.९०८ ला. पहिल्या कपाटात माणूस रुग्ण आहे, दुसऱ्यात लाभार्थी, आणि तिसऱ्यात कुठे तो चारचौघांतला एक होतो. एका आत्मकथनाला क्रमांक देताना मी अडून बसले होते, ती अडचण पुढे दहा वर्षं पुरली. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या यूपिआस या संघटनेने १९७६ मध्येच मांडलं होतं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने केलेली अडवणूक वेगळी. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिलं. ग्रंथालयात बसून हे वाचलं की कपाटंच वेगळी दिसायला लागतात.

छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आपल्या क्षेत्रात बरंच काम झालंय. २०१३ चा माराकेश करार २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे अधिकृत संस्थांना प्रकाशकाची परवानगी न मागता पुस्तकाची ब्रेल किंवा श्राव्य प्रत करता येते, दुसऱ्या देशात पाठवताही येते. अंध, अल्पदृष्टी, डिस्लेक्सिया असलेले, पुस्तक हातात धरता न येणारे, असे सगळे त्यात येतात. मानसिक आजार मात्र त्यात नावानिशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात तर ‘मानसिक’ हा शब्द स्पष्ट आहे. या दोन करारांमधली फट मला फार महत्त्वाची वाटते. औषधांमुळे पानभर मजकुरावर लक्ष टिकत नाही, अशा वाचकाला ग्रंथालय काय देतं? यावर काम करायला भरपूर जागा आहे.

दंडाचंच बघा. अंथरुणातून उठणं होत नाही त्या आठवड्यांत पुस्तकाची मुदत उलटते, स्मरणपत्रांची भाषा चढत जाते, आणि बरं वाटायला लागल्यावर माणूस त्या काउंटरकडे फिरकायलाच धजत नाही. मी काउंटरवर असताना अशी पुस्तकं बाहेरच्या पेटीत गुपचूप टाकलेली सापडायची. उतार आणि लिफ्ट हव्यातच, पण या वाचकाला अडवणारी पायरी त्या पत्रात आहे. ते पत्र कोण लिहितं, दंड माफ करायचा अधिकार कोणाला आहे, माफीसाठी डॉक्टरचा कागद मागतात का, असे प्रश्न घ्या. छोटे वाटतात, पण त्यांतून उत्तम प्रबंध होतो.

आणि काउंटरच्या आतली माणसं विसरू नका. ग्रंथालयाचं काम पवित्र मानलं की त्यात दमणं, आजारी पडणं, जादा कामाला नाही म्हणणं हे सगळं अपराधासारखं वाटायला लागतं. फोबाझी एटार या ग्रंथपाल लेखिकेने २०१८ च्या लेखात याला ‘व्होकेशनल ऑ’, म्हणजे पेशाबद्दलचा भक्तिभाव, असं म्हटलं. समावेशकतेवर भाषणं देणाऱ्या विभागातही हे चालतं. मी ज्या ठिकाणी शिकवत होते तिथे सहा आठवड्यांच्या आजारपणानंतर परतले, तर माझे दोन विषय परस्पर दुसऱ्याला दिले होते. कारण सांगितलं, ‘तुम्हाला ताण नको.’ मला कोणी विचारलं नव्हतं. अजूनही आठवलं की राग येतो.

म्हणून अर्जाबद्दल माझं मत असं: लिहायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्या हातात ठेवा. काही सवलत हवी असेल, जास्तीचा वेळ किंवा अंशकालीन नोंदणी, तर संबंधित कक्षाला लेखी सांगा आणि पोच घ्या. संशोधनाचं कारण म्हणून आजार सांगायची गरज नाही. या विषयात एक अपेक्षा हळूच येते, की तुम्ही प्रत्येक चर्चासत्रात स्वतःची कहाणी सांगावी. ती तुम्ही कोणालाही देणं लागत नाही. मी सुरुवातीला सांगत सुटले होते, आणि घरी येऊन दोन दिवस झोपून काढायचे.

एक कसब मात्र आधीच शिका. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम, उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि तुमच्याच ग्रंथालयाच्या सूचीत एक पुस्तक शोधा. मग मराठी अक्षरांची युनिकोड ही सामाईक संगणकीय पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमधला एखादा जुना पीडीएफ ऐका, नुसती निरर्थक अक्षरं कानावर येतील. संशोधनात ज्यांच्या मुलाखती घ्याल त्यांना प्रश्नावली बनवतानाच सामील करा, आणि त्यांच्या वेळेचं मानधन आराखड्यातच धरा.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी बघाच, पण भेटीत हेही विचारा: ‘तुमचा एखादा विद्यार्थी मध्येच सहा महिने थांबला होता का? तेव्हा काय केलंत?’ माझ्या मार्गदर्शक बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अशा एका विद्यार्थिनीसाठी मुदतवाढीचा अर्ज कसा केला आणि तिची प्रकरणं सुटी सुटी कशी वाचली, ते त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं.