गाडी घाटात ओढत नाही, पंप उतरवू का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा २००३ चा सहा टायरी ट्रक आहे, सहा सिलिंडर टर्बो इंजिन, साधा इनलाइन डिझेल पंप, सेन्सर बिन्सर काही नाही. लांज्याहून चिरा भरून कोल्हापूरला जातो. सपाटीला गाडी मस्त पळते पण आंबा घाटात लोडवर पाच-सात मिनिटं चढली की पिकअप जातो, रेस पूर्ण दाबली तरी इंजिन बसत जातं, काळा धूर अजिबात नाही. साइडला दहा मिनिटं थांबलो की परत नीट चढते आणि पुढे परत तेच. डिझेलचे दोन्ही फिल्टर आणि एअर फिल्टर नवे टाकलेत. मिस्त्री म्हणतोय पंप-नोझल उतरवून कॅलिब्रेशनला (मशिनवर डिझेलचं माप जुळवायला) द्या. खर्च मोठा आहे आणि सीझन चालू आहे, काय करू?
– एक वाचक, लांजा

उत्तर : भाऊ, पंप आत्ता उतरवू नका. तुम्ही लिहिलंय ना की दहा मिनिटं थांबलं की गाडी बरी होते, सगळं उत्तर त्यातच आहे. पंपाचे प्लंजर (डिझेल दाबणारे आतले दांडे) घासले असते तर ते दहा मिनिटांत भरून आले नसते, तशी गाडी गरम झाल्यावर स्टार्टलाच रडते आणि ओढ सगळीकडेच कमी लागते. तुमच्याकडे पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोचत नाहीये. सपाटीला कमी लागतं म्हणून निभावतं, घाटात मागणी वाढली की मागून येणारं कमी पडतं. धूर नाही हेही तेच सांगतंय, कारण हवा कमी पडली की गाडी काळा धूर ओकते, डिझेल कमी पडलं की धूर न काढता नुसती बसत जाते.

म्हणून सुरुवात टाकीपासून करा. पुढच्या वेळी गाडी बसली की लगेच उतरून टाकीचं झाकण उघडा, आत हवा फुस्स करून ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्युम होतोय, भोक साफ करा नाहीतर झाकण बदला. झाकण सैल ठेवून मात्र चालवू नका, वळणावर डिझेल रस्त्यावर सांडतं आणि मागून येणारा टू-व्हीलरवाला घसरून जिवाला मुकतो.

फुस्स झालं नाही तर टाकीतल्या पिकअप पाइपाची जाळी बघा. इतक्या जुन्या टाकीत गंज, गाळ आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाणी धरून तयार झालेला काळा चिकट थर असतोच. इंजिन जोरात ओढायला लागलं की तो जाळीला जाऊन चिकटतो, शहाळ्याच्या स्ट्रॉला मलई अडकते ना तसं, आणि इंजिन बंद केलं की सुटून खाली बसतो. तुमच्या दहा मिनिटांचा हिशोब इथे बरोबर जुळतो, माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. टाकी उतरवून आतून धुवा, वरवर डिझेल काढून भागत नाही.

खात्री करायची असेल तर कॅनची टेस्ट करा, माझ्या मते पंप उघडायच्या आधी ही प्रत्येक गाडीला झालीच पाहिजे. वीस लिटरचा स्वच्छ कॅन बॉडीला पक्का बांधा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) सक्शन पाइप कॅनमध्ये सोडा आणि रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाइप, पण कॅनमध्येच घ्या नाहीतर डिझेल टाकीत जाऊन कॅन रिकामा होईल. लाइनमधली एअर काढा आणि लोडवर तोच चढ चढा. गाडी न बसता चढली तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे, पंपवाल्याकडे जायचं कारणच उरलं नाही. सक्शनचा पाइप पारदर्शक वापरलात तर बुडबुडे पण दिसतील. टाकीची लाइन परत जोडताना मध्ये असाच पारदर्शक तुकडा टाकून बघा, कारण सक्शन साइडला चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं आणि लोक लीकेज नाही म्हणून सोडून देतात. कडक झालेला रबरी पाइप, जुनेच परत टाकलेले तांब्याचे वायसर, पाइप जोडणारा बंजो बोल्ट ढिला असणं, हे तपासा.

कॅनवरही बसली तर फीड पंप बघा. त्याच्या तोंडाशी छोटी जाळी असते, फिल्टर बदलणारे तिच्याकडे बघतच नाहीत. फिल्टरनंतर गेज लावून प्रेशर मोजा, अशा पंपांना साधारण १ ते १.५ बार लागतं पण आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलचा धरा. कमी आलं तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा जास्तीचं डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली असेल, ही कामं पंप न उतरवता होतात. मॅनिफोल्डवरून पंपाच्या गोल डबीकडे (टर्बोच्या हवेप्रमाणे डिझेल वाढवणारी) जाणारी बारीक नळी फुटली तरी टर्बो गाडी धूर न काढता ओढ सोडते, पण ती थांबून बरी होत नाही, म्हणून हे नंतर.

आणि एक कळकळीने सांगतो, कुणी पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून देतो म्हणाला तर गाडी तिथून हलवा. चार दिवस ओढेल, मग पिस्टन जळेल. नोझलच्या पाइपाचं नट ढिलं करून बघायला लागलं तरी हात लांब ठेवा, त्या प्रेशरचा फवारा कातडीतून आत जातो आणि बोट कापायची वेळ येते.

प्रश्न : माझी गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, डिझेलचा हातपंप मारला की लगेच होते, दिवसभर काही त्रास नाही.
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतंय. फीड पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही किंवा कुठूनतरी हवा शिरते. आधी हातपंपाचाच वायसर बघा, बऱ्याचदा तिथूनच हवा घेते. आजची सोय म्हणून गाडी उताराला तोंड खाली करून लावा, टाकी वर राहिली की डिझेल उतरत नाही, पण एवढ्यावर थांबू नका, व्हॉल्व्ह आणि वायसर बदलूनच घ्या.