माजलेली पऱ्हाटी आणि अडकलेली पेशी

प्रश्न : मी दारव्ह्याला बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. लहान मुलांच्या कॅन्सरवर गणितवाले काम करतात म्हणे. ते नेमकं काय करतात?

पऱ्हाटी माजलेली तुम्ही पाहिली असेल. झाड कमरेच्या वर जातं, नुसता पाला, पण पाती धरत नाही. न्यूरोब्लास्टोमा हा मुलांचा कॅन्सर तसाच आहे. गर्भात ज्या कच्च्या पेशींनी पुढे चेतापेशी व्हायचं, त्यातल्या काही मध्येच अडकतात आणि वाढत राहतात. गाठ बहुतेकदा पोटात, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत सापडते. मोठ्यांच्या कॅन्सरमागे वर्षानुवर्षं साचलेले जनुकीय बिघाड असतात, मुलांच्या पेशींत ते बरेच कमी. म्हणून पेशी अडली कुठे, हा प्रश्न मोठा.

वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये पेशीचं पिकणं म्हणजे फाटे फुटलेल्या उतारावरून घरंगळणारा गोटा, असं चित्र काढलं. गणितवाले तो उतार समीकरणात मांडतात. वहीवर करून बघा. क्ष हे जनुक पेशीला कच्चं ठेवतं, य पिकवतं, आणि दोघं एकमेकांना दाबतात. क्षच्या बदलाचा वेग = अ/(१+य²) − क्ष. यचंही तसंच, अक्षरं उलटवून. अ म्हणजे जनुकांचा जोर. अ = १ असेल तर दोघं ०.६८ वर थांबतात. अ = ३ केलं की उताराला दोन घळी पडतात : क्ष २.६२ आणि य ०.३८ (कच्ची पेशी), किंवा याच्या उलट (पिकलेली). मधला उंचवटा ओलांडायला किती धक्का लागेल, हे मग हिशेबात येतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

प्रश्न : मुलीची केमो, ऑपरेशन झालं. आता डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर मुरुमांची! (एक आई, आर्वी तालुका)

ताई, दोघंही बरोबर आहेत. आयसोट्रेटिनोइन मुरुमांवर देतात, आणि न्यूरोब्लास्टोमाच्या उरलेल्या कच्च्या पेशींना पिकायला लावण्यासाठीही. वर सांगितलेला धक्का तो हाच. साधारणपणे १४ दिवस औषध, १४ दिवस सुट्टी, असे सहा फेरे असतात. कागदावरच्या हिशेबात जी पेशी उंचवटा ओलांडते ती औषध थांबल्यावरही पलीकडेच राहते. अलीकडे राहिलेली परत मागे घसरते. फेरा मध्येच सोडू नका. कॅप्सूल जेवणासोबत द्या, वरणात तूप असू द्या, कारण स्निग्धासोबत ती अंगी लागते. ओठ फुटतील, त्यांना व्हॅसलीन लावा. उन्हात टोपी घाला. अ जीवनसत्त्वाचं वेगळं टॉनिक मात्र देऊ नका, हे औषध त्याच कुळातलं आहे.

प्रश्न : फवारणी करून तसाच पोराला उचलून घ्यायचो. त्यानंच त्याला हा कॅन्सर झाला काय? धाकट्यालाही होईल? (एक शेतकरी)

दादा, एखाद्या लेकराला हा आजार कशानं झाला, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. पेशीची वाट बहुतेकदा गर्भातच चुकलेली असते. हा भार उरावर घेऊ नका. फवारणीचे कपडे बाहेर काढून, अंग धुऊनच लेकरांना घ्या, ते एरवीही बरं. घराण्यात चालत येणारा प्रकार फार विरळा. तरी धाकट्याच्या पोटाला टणक गोळा लागला, हाडं दुखून तो चालेनासा झाला, किंवा मार नसताना डोळ्याभोवती काळंनिळं दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.