पर्टर्ब-सीकमध्ये (निरनिराळ्या पेशींत निरनिराळी जनुके दाबून किंवा कापून प्रत्येक पेशीतील आरएनए मोजण्याच्या प्रयोगात) एका जनुकाचा गाइड आरएनए (कॅस९ या प्रथिनाला त्या जनुकापर्यंत नेणारा रेणू) मिळालेल्या पेशींत दुसऱ्या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे त्याच्या आरएनएचे प्रमाण, घटली आणि पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) अगदी लहान आली, तर पहिले जनुक हे त्या घटीचे कारण आहे असे लिहिता येईल का?

लिहिता येईल, पण पी-व्हॅल्यूच्या भरवशावर नव्हे. कोणत्या पेशीत कोणता गाइड जाईल हे बहुतांशी योगायोगाने ठरते, म्हणूनच कोणत्याही जनुकावर न बसणारे गाइड मिळालेल्या पेशींशी केलेली तुलना कार्यकारणाबद्दल काही सांगू शकते. मात्र गाइड पेशीत शिरणे आणि तो सिक्वेन्सिंगमध्ये (पेशीतील आरएनए वाचताना) सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या पेशीतील अधिक रेणू वाचले गेले, तिच्यात गाइडही सहज सापडतो आणि इतर जनुकेही जास्त मोजली जातात. त्यामुळे, विशेषतः एकेका पेशीत अनेक गाइड घातले असतील तर, नसलेला संबंध दिसू लागतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'सेप्टर' ही पद्धत गाइड सापडण्याची शक्यता पेशीगणिक अजमावून हीच अडचण हाताळते.

मला अधिक धास्ती वाटते ती पेशी गाळण्याची. के५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशींत गाटा१ जनुक डीकॅस९-क्रॅबने (डीएनए न कापता जनुक दाबणाऱ्या कॅस९च्या रूपाने) दाबले की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची जनुके मंदावतात. पण गाटा१ या पेशींच्या वाढीलाही लागते, त्यामुळे ते ज्यांच्यात पुरते दबले त्या पेशी मागे पडतात आणि आठवड्याभराने हाती उरतात त्यांत अर्धवट दबलेल्यांचाच भरणा असतो. तिथे खरा परिणाम कमी भासतो. याउलट, 'यांच्यात काही बदलच दिसत नाही, म्हणजे गाइडने काम केलेच नसावे' असे म्हणून पेशी वगळल्या, तर नापासांना वगळून शाळेचा निकाल लावल्यासारखे होते आणि परिणाम फुगतो. पेशीचक्राचा (पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात आहे याचा) प्रभाव मोजमापातून काढून ते 'दुरुस्त' करण्याचा रिवाजही असाच निरखून पाहावा: आपले जनुक पेशीचक्राच्या मार्गानेच काम करत असेल, तर त्या दुरुस्तीत परिणामाचाच एक भाग पुसला जातो.

आपण कापणारे कॅस९ वापरले असेल, तर तुलनेचे गाइडही निरुपद्रवी जागी डीएनए कापणारे हवेत, कारण पी५३ (डीएनएला इजा झाली की पेशीची वाढ रोखणारे प्रथिन) शाबूत असलेल्या पेशी नुसत्या कापण्यानेही बिथरतात.

एकाच गाइडच्या हजार पेशी म्हणजे हजार स्वतंत्र प्रयोग नव्हेत. त्याच जनुकावरचे निराळे गाइड आणि स्वतंत्रपणे पुन्हा केलेले प्रयोग एकाच दिशेने बोलत असतील, तर 'पहिले जनुक दाबल्याने दुसऱ्याची अभिव्यक्ती घटते' असे मी निःशंक लिहीन. 'थेट नियंत्रण करते' हे शब्द मात्र, त्या प्रथिनाचे डीएनएवरील बंधन आणि दाबल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतील मोजमाप हाती आल्याशिवाय, लिहिणार नाही.